तीन पत्त्यांचे त्रैमासिक

जुन्या शोधपत्रिकेचा बांधीव खंड हाती आला की मी आधी लेख वाचत नाही. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूची चार ओळींची चौकट पाहतो : संपादक कोण, वर्गणी किती, पत्रव्यवहाराचा पत्ता कोणता. आतली विद्वत्ता कोणाच्या ओसरीवर वाढली, हे त्या चौकटीवरून कळते.

'पॅसिफिक अफेअर्स' हे आशिया आणि प्रशांत महासागराच्या टापूवरचे नियतकालिक १९२८ पासून निघते आहे. २०२८ मध्ये त्याची शंभरी भरेल. एवढ्या काळात त्याचे मुख्य पत्ते तीन : होनोलुलू, न्यूयॉर्क आणि व्हँकूव्हर. यांतला एकही आशियात नाही, आणि न्यूयॉर्क तर प्रशांत महासागराच्या काठावरही नाही. हे पत्ते का बदलत गेले, ते पाहिले की आशियाविषयीचे संशोधन छापून येण्याचा शंभर वर्षांचा इतिहास बराचसा हाती लागतो.

त्याआधीच्या शोधपत्रिकांचे पत्ते मात्र आशियातले होते. विल्यम जोन्सने १७८४ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी काढली आणि १७८८ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'चा पहिला खंड निघाला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे जर्नल १८४१ मध्ये सुरू झाले, सिंगापूरचे १८७८ मध्ये, फ्रेंचांचे हनोईतले बुलेटिन १९०१ मध्ये. पत्ता इथला, लिहिणारे बहुतेक साहेब. कलकत्त्याच्या सोसायटीत पहिली पंचेचाळीस वर्षे एकही भारतीय सभासद नव्हता. दार उघडले ते १८२९ मध्ये. मुंबईत चित्र थोडे लवकर बदलले. जर्नलच्या सुरुवातीच्या अंकांतच बाळशास्त्री जांभेकर ताम्रपट आणि शिलालेखांवर लिहिताना दिसतात. पुढे भाऊ दाजी लाड अजिंठ्याचे लेख वाचतात. १८७२ मध्ये जेम्स बर्जेसने मुंबईतच 'इंडियन अँटिक्वेरी' सुरू केले, त्यात काशिनाथ त्रिंबक तेलंग पाश्चात्त्य पंडितांशी बरोबरीने वाद घालतात. तेव्हा पत्ता आपल्या गावचा असला म्हणजे घर आपले होते असे नाही. ओसरीवर जागा मिळवावी लागत होती.

न्यूझीलंडमध्येही असेच काहीसे घडत होते. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या पॉलिनेशियन सोसायटीच्या जर्नलने माओरी कथन माओरीतच छापले आणि शेजारी इंग्रजी भाषांतर दिले. चालवणारे गोरे वसाहतवाले होते, त्यांचे सिद्धान्त आज बरेचसे मोडीत निघाले आहेत. पण मूळ भाषेतला मजकूर छापून ठेवल्यामुळे सव्वाशे वर्षांनंतर माओरी अभ्यासकाला त्या पानांत आपल्या पणजोबांचे शब्द सापडतात. सिद्धान्त जुने होतात, मूळ मजकूर होत नाही. शोधपत्रिका चालवणाऱ्या कोणीही ही खूणगाठ बांधून ठेवावी.

आता होनोलुलू. १९२५ च्या उन्हाळ्यात तिथल्या पुनाहो शाळेत अमेरिका, जपान, चीन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा अशा देशांतली मंडळी जमली. वायएमसीएच्या वर्तुळातले लोक, प्राध्यापक, व्यापारी, पत्रकार. त्यातून 'इन्स्टिट्यूट ऑफ पॅसिफिक रिलेशन्स' ही संस्था उभी राहिली. प्रत्येक देशाची स्वतंत्र परिषद, दर दोन-तीन वर्षांनी सर्वांची बैठक, आणि बैठकीत चर्चेला यायचे ते अभ्यास करून, आकडे जमवून. संस्थेचे छोटे वार्तापत्र १९२८ मध्ये 'पॅसिफिक अफेअर्स' झाले. एलिझाबेथ ग्रीन या पहिल्या संपादक.

कल्पना भाबडी वाटेल, पण तिची कसोटी लवकर लागली. १९३१ ची बैठक हांगचौला ठरली होती. सप्टेंबरमध्ये जपानी सैन्य मांचुरियात शिरले, आणि बैठक शांघायला हलवावी लागली. चिनी आणि जपानी प्रतिनिधी तरीही एका टेबलाशी बसले. ज्यांच्या देशांत गोळीबार चालू आहे, त्यांचे लेख एकाच अंकात कसे छापायचे, हा प्रश्न तेव्हापासून या नियतकालिकाच्या पाठीस लागला.

१९३४ मध्ये संपादकपद ओवेन लॅटिमोरकडे आले. तोवर संस्थेचा कारभार न्यूयॉर्कला गेला होता आणि अंक त्रैमासिक झाला होता. लॅटिमोर चीनमध्ये वाढलेला. लोकरीच्या व्यापाराच्या निमित्ताने मंगोलिया आणि चिनी तुर्कस्तानच्या वाटा त्याने उंटांच्या काफिल्याबरोबर तुडवलेल्या. विद्यापीठाची साधी पदवीही त्याच्याकडे नव्हती. सुरुवातीची काही वर्षे तो हे त्रैमासिक पेकिंगमध्ये बसूनच संपादित करत असे. कचेरी न्यूयॉर्कला, संपादक पेकिंगला, मध्ये आठवडेच्या आठवडे चालणारे आगबोटीचे टपाल. शंभर वर्षांत या त्रैमासिकाचा पत्ता आशियात असल्यासारखा झाला, तो एवढाच काळ.

लॅटिमोरचे धोरण असे की वादाच्या विषयावर दोन्ही बाजूंना पाने द्यायची. यात कोणीच खूश राहत नाही. जपानी परिषदेला चीनविषयीचे लेख खटकायचे, सोव्हिएत परिषदेला आपल्यावरची टीका. संपादकाची पत्रे सतत रदबदलीची : याला समजाव, त्याला थोपव, पुढच्या अंकात उत्तर छापतो म्हणून सांग. १९३७ च्या जूनमध्ये तो काही अमेरिकन अभ्यासकांबरोबर दुभाष्या म्हणून येनान या चिनी कम्युनिस्टांच्या ठाण्यालाही जाऊन आला, माओ आणि त्याच्या साथीदारांना भेटला. पुढच्याच महिन्यात जपानने उत्तर चीनवर चाल केली आणि पेकिंगचा मुक्काम संपला. १९४१ मध्ये रूझवेल्टने त्याला कम्युनिस्टांचा प्रतिस्पर्धी चँग काय-शेक याचा सल्लागार म्हणून पाठवले, तेव्हा त्याने संपादकपद सोडले. माओला भेटलेला माणूस चँगचा सल्लागार होतो, यात त्या काळी कोणाला फारसे वावगे वाटले नव्हते.

वावगे वाटायला लागले ते १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर. 'चीन कोणी घालवला?' असा प्रश्न अमेरिकेत विचारला जाऊ लागला, जणू चीन त्यांच्या खिशातून पडला होता. मार्च १९५० मध्ये सिनेटर मॅकार्थीने लॅटिमोरला अमेरिकेतला सर्वांत मोठा रशियन हेर ठरवले. लॅटिमोर तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी काबूलमध्ये होता. आपण हेर आहोत हे त्याला तारेने कळले.

पुढचा प्रसंग एका धान्याच्या कोठारातला आहे. संस्थेचा माजी सरचिटणीस एडवर्ड कार्टर याची मॅसॅच्युसेट्समधल्या ली या गावी शेतवाडी होती, आणि तिथल्या कोठारात संस्थेची जुनी दप्तरे रचून ठेवली होती. फेब्रुवारी १९५१ मध्ये सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीच्या माणसांनी ती जप्त केली. दप्तर म्हणजे काय, तर संपादकाने घाईत लिहिलेल्या चिठ्ठ्या, कोणाचा लेख घ्यावा याची चर्चा, कोणाला न दुखावता नकार कसा कळवावा याचे मसुदे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या चिठ्ठ्या आता सिनेटर मॅकॅरनच्या उपसमितीपुढे पुरावा म्हणून वाचल्या जाऊ लागल्या. लॅटिमोरची साक्ष बारा दिवस चालली. डिसेंबर १९५२ मध्ये शपथेवर खोटे बोलल्याचे सात आरोप त्याच्यावर ठेवले गेले. १९५५ पर्यंत ते सगळे कोर्टात कोसळले. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. रॉकफेलर आणि कार्नेगीच्या देणग्या आटल्या. १९५५ मध्ये संस्थेची करमाफी काढून घेतली गेली. ती परत मिळवण्यासाठी कोर्टात जावे लागले.

याची सर्वांत मोठी किंमत हर्बर्ट नॉर्मनने मोजली. जपानमध्ये जन्मलेला हा कॅनेडियन इतिहासकार. जपान आधुनिक राष्ट्र कसे झाले यावरचे त्याचे पुस्तक याच संस्थेने १९४० मध्ये छापले होते. पुढे तो इजिप्तमध्ये कॅनडाचा राजदूत झाला. अमेरिकन सिनेटमधून पुन्हा पुन्हा संशयाची चिखलफेक होत राहिली, आणि एप्रिल १९५७ मध्ये त्याने कैरोत एका इमारतीवरून उडी घेऊन जीव दिला.

याच धामधुमीत या कथेला भारताचा एक धागा आहे. संस्थेची भारतातली शाखा म्हणजे १९४३ मध्ये दिल्लीत स्थापन झालेली 'इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स'. तिच्या वतीने १९४५ च्या अमेरिकेतल्या बैठकीला विजयालक्ष्मी पंडित गेल्या. त्याच वर्षी कौन्सिलने 'इंडिया क्वार्टर्ली' सुरू केले. ऑक्टोबर १९५० मध्ये संस्थेची बैठक लखनौला भरली. यजमान संस्थेचे सूत्रधार होते हृदयनाथ कुंझरू. गोखल्यांनी पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे ते १९३६ पासून अध्यक्ष. मूळ काश्मिरी, वाढ उत्तर प्रदेशातली, पण कामाची शिस्त पुण्याची : आधी अभ्यास, मग मत. अमेरिकेत हीच संस्था देशद्रोहाच्या संशयात सापडली असताना लखनौत आशियातल्या राष्ट्रवादावर निबंध वाचले जात होते.

१९६० मध्ये संस्थेने गाशा गुंडाळला. त्रैमासिक मात्र विल्यम हॉलंडने वाचवले. मूळचा न्यूझीलंडचा हा अर्थतज्ज्ञ तीसेक वर्षे संस्थेच्या कामात होता. १९६१ मध्ये व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने त्याला प्राध्यापकपद दिले आणि त्रैमासिकाला आसरा. सरहद्द ओलांडून तो अंक काढतच राहिला, थेट १९७८ पर्यंत. आज त्याच्या नावाने वर्षातल्या उत्तम लेखाला पारितोषिक दिले जाते.

अमेरिकेत या चौकशांनंतर आशियाचा अभ्यास विद्यापीठांच्या भिंतींआड सुरक्षित झाला. १९४१ मध्ये निघालेल्या 'फार ईस्टर्न क्वार्टर्ली'चे १९५६ मध्ये 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज' असे नामांतर झाले. पूर्वेबरोबर दक्षिण आशियाही कक्षेत आला, तळटीपा वाढल्या, आवाज खाली आला. इतका खाली की व्हिएतनामवर बाँब पडत असताना आशियातज्ज्ञ गप्प का, असा जाब तरुण अभ्यासकांनी १९६८ मध्ये विचारला आणि स्वतःचे बुलेटिन काढले. तेच आज 'क्रिटिकल एशियन स्टडीज' म्हणून निघते. मॅकार्थीने शिकवलेली चुप्पी मोडायला दीड दशक लागले.

महासागराचे काय? 'आशिया-प्रशांत' या जोडनावात आशियाच बहुतेक पाने खातो. ही सल एका निबंधाने बोलून दाखवली. टोंगाचे एपेली हाउओफा फिजीत सुवाच्या विद्यापीठात शिकवत. ही बेटे चिमुकली, विखुरलेली आणि परावलंबी, हे ठरीव गणित ते स्वतःच वर्गात मांडत. एक दिवस समोरच्या मुलांचे उतरलेले चेहरे त्यांच्या लक्षात आले. त्यातून आलेला निबंध आधी १९९३ मध्ये सुवात आणि पुढच्या वर्षी 'द कंटेम्पररी पॅसिफिक' या हवाई विद्यापीठाच्या नियतकालिकात छापला गेला. म्हणणे सरळ होते : खंडावर उभे राहून पाहिले तर बेटे लहान दिसतात, पण जे होड्या घेऊन हजारो मैल फिरले, त्यांच्या घरात समुद्रही मोजला पाहिजे. आकडेवारी तीच, पाहण्याची जागा बदलली.

नव्या शतकात चौकटीतला गावाचा पत्ता नावापुरता उरला; अंक प्रकाशकाच्या सर्व्हरवर राहायला गेले. त्याचा अर्थ ऑगस्ट २०१७ मध्ये कळला. चिनी आयात-यंत्रणेच्या सांगण्यावरून केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने 'चायना क्वार्टर्ली'चे तीनशेहून अधिक लेख आणि परीक्षणे चीनमधल्या वाचकांपुरती बंद केली : तिआनानमेन, सांस्कृतिक क्रांती, तिबेट, शिनजियांग. छापील अंक जप्त करायला माणसे पाठवावी लागतात, इथे एका आदेशावर काम झाले. अभ्यासकांनी जगभरातून आवाज उठवला आणि काही दिवसांतच, २१ ऑगस्टला, लेख पुन्हा खुले झाले. लीच्या कोठारात अमेरिकन सिनेट शिरली होती, इथे चिनी सेन्सॉर. सत्तेचा रंग बदलला, खोड तीच.

आपल्याकडची अडचण वेगळी. बढतीसाठी शोधनिबंध सक्तीचा झाला, तसा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकांचा बाजार फोफावला. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये 'केअर' यादी आणली. छाननीचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. त्याच वर्षी जानेवारीत 'एक देश, एक वर्गणी' योजना सुरू झाली : तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिके, केंद्र आणि राज्य सरकारांच्या सहा हजारांहून अधिक संस्थांना. मोठी गोष्ट आहे. मुंबईच्या जर्नलमध्ये जागा मिळवणाऱ्या भाऊ दाजींना हे खरे वाटले नसते.

राजवाड्यांना मात्र या योजनेचा उपयोग झाला नसता. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि जिद्दीने मराठीतच लिहिले. त्यामुळे त्यांचे खंड बाहेरच्या विद्वानांपर्यंत फारसे पोचले नाहीत, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. ते कुठल्या संस्थेच्या पगारावर नव्हते. आज ते संगणकापुढे बसले असते, तर पडद्यावर एकच प्रश्न आला असता : 'आपली संस्था निवडा.'

चौकटीतला पत्ता मी इतकी वर्षे वाचत आलो. आता तो वाचकालाच विचारला जातो.