चेहरा शेवटी येतो

उमरगा हे हमरस्त्यावरचं गाव. पुण्याहून सोलापूर, नळदुर्ग करत हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ इथून जातो. थोडं पुढे गेलं की कर्नाटक लागतं, त्यापुढे तेलंगण. म्हणून इथल्या वरातीत मराठी आणि हिंदीच्या जोडीला कन्नड-तेलुगू गाणी वाजली तर कुणाला नवल वाटत नाही. शब्द कळले नाहीत तरी अडत नाही, कारण ही गाणी कानाआधी डोळ्यांनी ओळखीची झालेली असतात. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘डाकू महाराज’ या तेलुगू चित्रपटातलं एक गाणं असंच भाषेची वेस ओलांडून सगळीकडे पोचलं. त्यातल्या ज्या नाचावर गदारोळ झाला, त्यात नायक ठेका धरतो तो नायिकेच्या कमरेखाली थापा मारून. चित्रपटांतल्या अशा नाचांबद्दल तक्रारी वाढल्या, तेव्हा मार्चमध्ये तेलंगणच्या महिला आयोगाने चित्रपटवाल्यांना समज देणारं पत्रक काढलं. तोवर गाणं वरातींत रुळून गेलं होतं.

अशा गाण्यांवरची चर्चा आपल्याकडे कपड्यांवर सुरू होते आणि कपड्यांवरच संपते. चोळी केवढी, साडी कुठवर. पण खरा कारभार कॅमेऱ्याचा असतो. गाणं सुरू होतं तेव्हा पडद्यावर आधी पैंजण येतं, मग कंबर, मग पाठ, मग ओठ. चेहरा शेवटी येतो, तोही पुरुष कलाकारांच्या घोळक्याकडे पाहून हसण्यापुरता. ठेका पडतो तिथे चित्र कापलं जातं आणि प्रत्येक कापाला अंगाचा एक तुकडा वाट्याला येतो. कॅमेरा जमिनीजवळ असतो, वेग मंदावलेला असतो. मागे एकसारख्या कपड्यांतल्या मुलींची रांग असते. त्यातली एक काढून दुसरी उभी केली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. मार्था नुसबॉम या तत्त्वचिंतिकेने १९९५ मध्ये माणसाची वस्तू कशी होते हे उलगडताना ही अदलाबदल नेमकी नोंदवली होती. त्याआधी वीस वर्षं, १९७५ मध्ये, लॉरा मल्वी यांनी पडद्यावरच्या पुरुषी नजरेवरचा आपला गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. नऊवारीने मानेपासून घोट्यापर्यंत झाकलेल्या बाईलाही कॅमेरा तुकड्यातुकड्यांनी विकू शकतो, हे एकदा ध्यानात आलं की कपड्यांचा वाद बिनकामाचा वाटू लागतो.

हिंदीतला एक मोठा गदारोळ १९९३ चा, ‘खलनायक’मधल्या चोळीच्या गाण्याचा. प्रकरण दिल्लीच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि तिथे टिकलं नाही. गाणाऱ्या दोघी बायका, इला अरुण आणि अलका याज्ञिक. नाच बसवणाऱ्या सरोज खान. बाईचा हात लागला म्हणजे नजर बदलते असं नाही, याची साक्ष तिथेच मिळाली होती.

मग २००२ मध्ये ‘काँटा लगा’चं रीमिक्स आलं. मूळ गाणं १९७२ च्या ‘समाधी’तलं, राहुलदेव बर्मन यांचं संगीत आणि लताबाईंचा आवाज. नव्या व्हिडिओच्या दिग्दर्शक जोडीतही एक स्त्री होती. पडद्यावर होती कॉलेजात शिकणारी शेफाली जरीवाला. या कामाचे आपल्याला सात हजार रुपये मिळाले होते, असं त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं. ते गाणं केबलवर वर्षानुवर्षं वाजत राहिलं. जून २०२५ मध्ये त्या वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वारल्या, तेव्हाही बातम्यांच्या मथळ्यांत त्या ‘काँटा लगा गर्ल’च होत्या. विशीच्या उंबरठ्यावर केलेल्या काही मिनिटांच्या कामाने एका बाईचं नाव आयुष्यभरासाठी झाकून टाकलं. या सगळ्या आढाव्यात ही गोष्ट सर्वांत जास्त टोचते.

त्या रीमिक्सच्या लाटेवर मुंबईतून एक ठोस उत्तर आलं. सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी दूरचित्रवाणीवरच्या प्रौढांसाठीच्या चित्रपटांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. २००६ मध्ये केबलच्या नियमांत बदल झाला आणि चित्रपटगीत असो वा म्युझिक अल्बम, सर्वांनी पाहण्याजोगं असल्याचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र असल्याशिवाय ते केबलवर दाखवायचं नाही, असं ठरलं. नियम चांगला होता, पण तो फक्त केबलच्या तारेपुरता. गाणी मोबाइलवर गेली आणि नियम टीव्हीपाशीच राहिला.

मराठीचा हिशेब निराळा मांडावा लागतो. २००६ च्या ‘जत्रा’तलं ‘कोंबडी पळाली’ हे अजय-अतुल यांचं गाणं तसं गावरान धमालीचं, क्रांती रेडकर आणि भरत जाधव यांनी रंगवलेलं. तीच चाल २०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ झाली. चाल तीच राहिली, कॅमेऱ्याची जागा बदलली. गायिका श्रेया घोषाल यांनी अलीकडे एका मुलाखतीत सांगितलं, की पाच-सहा वर्षांच्या मुली हे गाणं म्हणून दाखवतात तेव्हा आपल्याला संकोच वाटतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेच्या गॅदरिंगला बसलेल्या आईला हा संकोच समजावून सांगावा लागणार नाही.

‘आपली लावणी अशी नव्हती’ असं इथे कुणीतरी हमखास म्हणतं. ते अर्धंच खरं आहे. शृंगार लावणीच्या हाडातच आहे आणि शब्द बाईच्या तोंडचे असले तरी लिहिणारे बहुतेक पुरुष होते. पण बैठकीच्या लावणीत बाई बसल्या जागी, चेहऱ्याच्या आणि हातांच्या अदाकारीने एकाच ओळीचे दहा अर्थ काढते. यमुनाबाई वाईकर यांचं थोरपण त्यात होतं. तिथे प्रेक्षकाला तिच्या चेहऱ्याकडे पाहणं भागच होतं, आणि तीही उलट त्याच्याकडे पाहायची. तरी या कलावतींच्या वाट्याला मान किती आला? शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं, की दलित-बहुजन स्त्रियांची ही कला चित्रपटांनी आणि पांढरपेशांनी उचलली, कलावतींना मात्र बाजूला ठेवलं. शैलजा पाईक यांचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ हे २०२२ चं पुस्तक आणखी पुढे जातं: ‘अश्लील’ हा शिक्का जात पाहून मारला जातो, असं ते सांगतं. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी आणली आणि मग त्याच्या ‘सुधारणे’साठी दत्तो वामन पोतदार यांची समिती नेमली. उमरगा तेव्हा निजामाच्या मुलखात होतं, त्यामुळे मुंबईची ती बंदी इथवर आली नाही.

बंदी येते ती बाईच्या रोजगारावर. २००५ मध्ये राज्याने डान्सबार बंद केले, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट ठेवली. जो नाच गरिबाच्या बारमध्ये अश्लील, तोच श्रीमंताच्या हॉटेलात चालतो कसा, हा प्रश्न न्यायालयात कळीचा ठरला. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली. तोवर सुमारे पंचाहत्तर हजार बायकांचं काम गेल्याचा उल्लेख त्या निकालात आहे. त्या बायका नाचत होत्या ती गाणी मात्र या सगळ्या काळात चित्रपटगृहांत आणि टीव्हीवर सुखाने वाजत होती.

नर्तकी गौतमी पाटील यांच्या बाबतीत हेच पुन्हा घडलं. २०२२ च्या शेवटी त्यांच्या नाचातल्या हावभावांवर राज्यभर टीका झाली, त्यांनी माफी मागितली आणि पुढच्या कार्यक्रमांत काळजी घेण्याचं कबूल केलं. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या कपडे बदलत असताना कुणीतरी लपून केलेलं चित्रीकरण पसरवण्यात आलं. महिला आयोगाने दखल घेतली, गुन्हा नोंदला गेला. असं चोरून चित्रण करणं २०१३ पासून भारतीय दंड संहितेच्या ३५४ सी कलमाखाली गुन्हा होतं. आता भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली आहे. रंगमंचावरच्या काही सेकंदांवर महिनोन्‌महिने बोलणाऱ्या महाराष्ट्राने तो चोरटा व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्या हातांबद्दल मात्र फार थोडं म्हटलं. नाचणारीने माफी मागितली, पाहणाऱ्यांनी माफी मागावी असं मात्र कुणी म्हटलंसुद्धा नाही.

कायदा नाही असं नाही. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा कायदा १९८६ चा आहे. तो लिहिला गेला तेव्हा डोळ्यांपुढे जाहिराती, पुस्तकं, चित्रं होती. नव्या माध्यमांना त्यात आणणारं दुरुस्ती विधेयक २०१२ मध्ये राज्यसभेत आलं, रेंगाळलं आणि शेवटी मागे घेतलं गेलं. नागपूरच्या पाचपावली पोलीस ठाण्यात इंटरनेटवरच्या अश्लील गाण्यांवरून गायक हनी सिंग यांच्याविरुद्ध २०१५ मध्ये गुन्हा नोंदला गेला. २०२२ मध्ये तो तपास आवाजाचा नमुना घेण्यापर्यंत आला होता. आवाज कुणाचा, हे शोधण्यातच अशी वर्षं जातात. चित्र कुणी कापलं, थंबनेलवर कंबरेचंच चित्र कुणी लावलं, त्यावर जाहिरातीचा पैसा कुणी घेतला, या प्रश्नांपर्यंत तपास पोचतच नाही.

सगळंच असं नाही. जळगावकडच्या संजू राठोड यांचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये गावोगाव वाजलं. त्यातली मुलगी आपण छान दिसतोय हे ठाऊक असल्याच्या तोऱ्यात स्वतःच फोटो काढायला सांगते. शब्द पुरुषाचेच आहेत आणि नटण्यापलीकडे तिला फारसं काही दिलेलं नाही, हे मान्य. पण त्या गाण्यावर आज्या, सुना, नाती यांनी आपापल्या अंगणात रील केल्या, आणि त्यांत फोन कुठे टेकवायचा हे त्यांनी ठरवलं. मधुरा घाणे, म्हणजे रॅपर माही जी, यांच्यासारख्या मुली तर व्हिडिओत आपल्याच शब्दांसह उभ्या राहतात.

गॅदरिंगचे दिवस जवळ आले की घराघरांतून मुली मोबाइलवर गाणी लावून नाच बसवू लागतात. संगीत कंपनीचा मूळ व्हिडिओ लावला की पंचाईत होते: पायांची हालचाल बघायची तर पडद्यावर कंबर, हात बघायचे तर ओठ. सलग चार ठेके अख्खी बाई दिसतच नाही, मग शिकायचं कशावरून? मुली तो व्हिडिओ बंद करतात आणि त्याच गाण्याचा दुसरा एखादा शोधतात. कुणा मुलीने गच्चीवर, फोन विटेला टेकवून केलेला. कॅमेरा एका जागी, उजेड जेमतेम. पण डोक्याच्या गजऱ्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत नाचणारी मुलगी पुरी दिसते, आणि तिच्या चेहऱ्यावर, ओठांच्या हालचालीतून, ती मोजत असलेले आकडेही कळतात. पाच, सहा, सात, आठ. मग इकडे टीव्हीसमोरच्या सतरंजीवरही मोजणी सुरू होते.