पाऊण तासाचा कोड

सकाळी दहाला पावणेतीनशे ओळींचा पीआर (पुल रिक्वेस्ट) रिव्ह्यूला आला. पाठवणाऱ्या मुलीला नोकरीत दोन वर्षं झालीत. "सर, पाऊण तासात झालं," म्हणाली. कोड एआयकडून लिहून घेतलाय हे वेगळं सांगावं लागत नाही. प्रत्येक फंक्शनवर नेटकी कमेंट असते आणि 'हे नंतर बघू' असं कुठेच नसतं.

काम साधं होतं. लॅबमध्ये रक्ताच्या नळीवर चिकटवायच्या लेबलवर पेशंटचं नाव मराठीत छापायचं, मोठं असेल तर कापायचं. चौदा टेस्ट, सगळ्या हिरव्या. पूर्वी एवढं बघून मी मर्ज करून टाकलं असतं. माणसाच्या कोडात घाई कुठे झाली ते दिसतं: व्हेरिएबलची नावं बिघडतात, एखादी ओळ कमेंट करून तशीच सोडलेली असते. तिथे बोट ठेवलं की बहुधा चूक सापडते. या कोडाला मात्र सगळीकडे सारखीच इस्त्री.

म्हणून हल्ली मी आधी टेस्ट वाचतो. त्यातली नावं होती जॉन, राम, सीता. मी 'ज्ञानेश्वर' टाकलं. बाहेर आलं 'ज्ञानेश्'. पाय मोडलेला श, पुढे काही नाही.

मर्यादा आठची होती. आपण ज्ञा-ने-श्व-र अशी चार अक्षरं मोजतो. युनिकोडच्या हिशेबात ती दहा चिन्हं. काना, मात्रा आणि पाय मोडायची खूण, सगळी सुटी. पायथॉनचं 'लेन' दहा म्हणतं आणि कोडाची कात्री आठव्यावर चालते. टेस्टही त्याच एआय यंत्राने, तोच कोड समोर ठेवून लिहिलेल्या. परीक्षार्थ्यानेच पेपर काढलेला.

तिने चूक दाखवल्यावर यंत्राने तत्काळ कबूल केलं आणि ग्राफीम क्लस्टरने, म्हणजे डोळ्यांना एक दिसणाऱ्या अक्षराने, मोजणारा कोड दिला. दिशा योग्य होती. मर्यादा चार अक्षरांवर आणली. पुन्हा 'ज्ञानेश्'!

इथे आमचा बराच वेळ गेला. देवनागरी जोडाक्षर मधे तोडू नये, हा नियम युनिकोडच्या क्लस्टरच्या नियमांत आला तो 2023 साली, 15.1 आवृत्तीत. आमच्या सर्व्हरवरची लायब्ररी त्याआधीची. तिच्या लेखी ज्, ञा, ने, श् ही झाली चार. नेमकं विचारल्यावर यंत्राने नियमाचा क्रमांकसुद्धा सांगितला. आपणहून मात्र नाही. त्याला दोष देताना मी जरा अडखळतो, कारण नियम मलाही ठाऊक नव्हता. 'ज्ञानेश्' असं नाव नसतं, एवढंच ठाऊक होतं.

2021 मध्ये गिटहब कोपायलट आला, तेव्हा अर्धी ओळ पुरी करून मिळाली तरी आम्ही खूश व्हायचो. आता अख्खा पीआर येतो आणि माझा दिवस वाचण्यात जातो. तिच्या पाऊण तासाला माझे तीन तास लागले; टाइमशीटमध्ये ते कुठल्या रकान्यात भरायचे, कोण जाणे.

लायब्ररी बदलली. संध्याकाळी ती टेस्टमध्ये हाताने नावं भरत बसली होती, घरच्या एका लग्नपत्रिकेतली: त्र्यंबक, लक्ष्मी, श्रीकृष्ण. पुढच्या ओळीवर एडिटरने करड्या अक्षरांत आधीच सुचवून ठेवलं होतं, 'जॉन'. तिने एस्केप दाबलं.