पक्षिशोधी श्वानाचे शिक्षण

गवतात वा झुडपांत दडून बसलेला पक्षी वासाने शोधणे, तो सापडताच पुढे न झेपावता जागच्या जागी स्तब्ध उभे राहणे आणि बंदुकीने पडलेला पक्षी न चावता धन्याच्या हाती आणून देणे, ही कामे शिकविलेल्या कुत्र्याला पक्षिशोधी श्वान म्हणतात. पॉइंटर व सेटर ही पक्ष्याचा इशारा देणारी, स्पॅनियल ही पक्षी उठविणारी, तर रिट्रीव्हर ही पडलेला पक्षी आणून देणारी कुत्री होत. भारतात रानपक्ष्यांची शिकार आता कायद्याने बंद आहे. परंतु या जातींची कुत्री घरोघरी पाळली जातात आणि त्यांच्या उपजत प्रवृत्तीला वळण न लावल्यास ती जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना घातक ठरतात. म्हणून या शिक्षणाचा विचार येथे तितर-लाव्यांचा मुलूख असलेल्या शिरूर व दौंड (जि. पुणे) या पर्जन्यछायेतील तालुक्यांच्या संदर्भात केला आहे.

दख्खनमध्ये पक्षी धरण्याची जुनी पद्धत कुत्र्यावर अवलंबून नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात कुत्र्यांच्या व ससाण्यांच्या क्रीडांची वेगवेगळी प्रकरणे आहेत. या भागातील फासेपारधी काटक्यांना बांधलेले फास ओळीने रोवीत व पाळीव तितराच्या हाकेने रानतितर तिकडे ओढून आणीत. गायपारधी शिकविलेल्या गाईच्या वा बैलाच्या आडोशाने पक्ष्यांच्या जवळ जात. कारवानी, पश्मी, मुधोळ या देशी जाती नजरेने सावज हेरून वेगाने पाठलाग करणाऱ्या असून त्यांचा उपयोग मुख्यत्वे ससा व हरिण यांच्यासाठी होई. वासावर चालणारा पक्षिशोधी कुत्रा आला तो बंदुकीबरोबर. घोडनदीकाठचे शिरूर हे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून इंग्रजांचे लष्करी ठाणे होते. अशा ठाण्यांतील अधिकाऱ्यांबरोबर पॉइंटर आणि स्पॅनियल दख्खनमध्ये आले.

इशारा देण्याची क्रिया मुळात हिंस्र प्राण्याच्या वर्तनातील एक टप्पा आहे. सावजावर झेप घेण्यापूर्वी लांडगा वा कोल्हा क्षणभर थबकतो. निवडक पैदाशीने हा क्षण लांबविण्यात आला. बंदूक प्रचारात येण्यापूर्वी युरोपातील सेटर पक्ष्यासमोर दबून बसे व त्याच्यावरून पक्ष्यांवर जाळे टाकले जाई. शोधण्याची आणि थबकण्याची वृत्ती अशा रीतीने पिलाच्या रक्तातच असते. शिकवावे लागते ते पुढचे : पक्षी भर्रकन उडाला तरी त्याच्यामागे न धावणे. या शिक्षणाचे सार संयमात आहे आणि नवशिक्या मालकाची फसगत बहुधा येथेच होते. पिलाने माळावर चिमण्यांमागे धाव घेतली की तो त्याला हुशारी समजून कौतुक करतो; ती सवय पुढे मोडणे अतिशय कठीण जाते.

पिलू सात-आठ आठवड्यांचे झाल्यावर आईपासून वेगळे करतात. तिसऱ्या आठवड्यापासून सु. तीन महिन्यांपर्यंतचा काळ पिलाच्या मनाच्या घडणीचा असतो. या काळात त्याला माणसे, शेरडे-मेंढरे, कोंबड्या, बैलगाडी, ट्रॅक्टर यांची ओळख करून द्यावी. प्रथमच कुत्रा पाळणाऱ्याने पॉइंटरऐवजी लॅब्राडोर रिट्रीव्हर किंवा कॉकर स्पॅनियल निवडणे सोयीचे. पॉइंटरला रोज मोठी मजल मारावी लागते व ती न मिळाल्यास तो घर डोक्यावर घेतो.

पहिले सहा महिने नाव, हाकेसरशी परत येणे, बसणे आणि शिटीच्या एका दीर्घ आवाजावर थांबणे एवढेच शिकवावे. धडा पाच मिनिटांहून मोठा नसावा. पिलू आल्यावर, उशिरा आले तरी, त्याला कधीही मारू नये. कारण ते मार उशिराशी नव्हे, तर येण्याशी जोडते. आणून देण्याचा सराव घरातील अरुंद बोळात कापडाच्या मऊ गुंडाळीने करतात. पिलाला परतीची एकच वाट असल्याने ते गुंडाळी घेऊन मालकाकडेच येते. गुंडाळी तोंडातून हिसकावू नये, नाही तर पिलू ती आवळून धरू लागते. साधारणतः चौथ्या ते सहाव्या महिन्यांत दुधाचे दात पडून नवे येतात; त्या वेळी हिरड्या दुखत असल्याने हा सराव थांबवितात. पुढे गुंडाळीला पाळलेल्या कोंबडीचे वा बदकाचे पंख बांधतात. काठीच्या दोरीला पंख लावून पिलाला त्यावर रोखायला लावणे दिसायला मोठे गमतीचे असते, पण ते फार करू नये. पिलू त्याने नाकाऐवजी डोळ्यांवर विसंबू लागते.

आवाजाची भीती हा पक्षिशोधी श्वानाचा सर्वांत वाईट दोष होय. पिलू खाण्यात गुंतले असता दूरवर थाळी वाजवून आरंभ करावा व अनेक दिवसांत अंतर हळूहळू कमी करावे. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजात अंगणात बांधून ठेवलेले पिलू कायमचे बुजरे होऊ शकते.

आठ महिन्यांनंतर सु. १० मी. लांबीची दोरी गळपट्ट्यास अडकवून उघड्या रानातील काम सुरू करतात. लपविलेल्या पंखांकडे कुत्र्याला नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने न्यावे आणि मालकासमोर डावी-उजवीकडे नागमोडी चालू द्यावे. हिवाळ्यात पहाटेच्या दवाने ओलसर जमिनीवर वास टिकतो. ऊन चढून ती तापली की नाक निरुपयोगी होते. वास लागून कुत्रा थबकला की दोरी हलकेच ताणून ‘थांब’ म्हणावे, अंगावरून हात फिरवावा आणि मग स्वतः पुढे जावे. दख्खनमध्ये पूर्वी कुत्र्यांची खरी परीक्षा होई ती तितरापुढे. लावा गवतात घट्ट दबून राहतो. करडा तितर मात्र उडण्याऐवजी पायांनी पळत सुटतो, त्यामुळे इशारा देणारा कुत्रा गोंधळतो व धीर सोडतो.

शिरूर व दौंडच्या रानातील धोके वेगळेच आहेत. पावसाळ्यानंतर वाळणाऱ्या गवताची कुसळे कानांत व बोटांच्या बेचक्यांत शिरून आत सरकतात व पू होतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर कान व पंजे तपासावे लागतात. गोचिडांमुळे होणारा ताप, घोणस आणि चैत्र-वैशाखातील ऊन यांचीही काळजी घ्यावी लागते. घोड व भीमा यांच्या काठी ऊस वाढला तसा त्यात बिबट्याही वसला. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्यात कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला. तिन्हीसांजेनंतर उसाच्या कडेने सराव करणे किंवा पिलू रात्री अंगणात बांधणे म्हणूनच टाळावे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेत मारणे व पकडणे यांबरोबरच कुत्र्यांकरवी पाठलाग करणे, हाकणे आणि तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश होतो. रानपक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे हेही त्यातच येते. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची पद्धत संपुष्टात आली. बंदूक हाती नसली, तरी तितरामागे कुत्रा सोडणे हा यामुळे गुन्हाच ठरतो आणि वर वर्णिलेले सर्व शिक्षण पाळीव पक्ष्यांचे पंख व कापडी गुंडाळ्या यांवरच करावे लागते. जुन्या शिकाऱ्यांना हे मिळमिळीत वाटे. पण कुत्र्याच्या नाकाला आणि आज्ञाधारकपणाला त्याने उणेपणा येत नाही.

माळावर करडा तितर प्रामुख्याने एप्रिल ते सप्टेंबर या काळात जमिनीवरच्या उथळ खळग्यात अंडी घालतो. टिटवी, धाविक व चंडोल यांची घरटीही उघड्यावरच असतात. उन्हाळ्याच्या आरंभापासून पावसाळा संपेपर्यंत कुत्रा माळावर मोकळा सोडू नये. याच गवताळ प्रदेशात लांडगेही आहेत. पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्यांचे डिस्टेंपरसारखे रोगही लांडग्यांना जडतात. म्हणून डिस्टेंपर, पार्व्हो व रेबीज यांच्या लसी पूर्ण झाल्याशिवाय पिलू रानात नेऊ नये आणि माजावर आलेली मादी घरीच ठेवावी.

कुत्र्याच्या याच घ्राणशक्तीचा उपयोग उलट दिशेनेही होऊ लागला आहे. ट्रॅफिक या संस्थेने २००८ मध्ये भारतात सुरू केलेल्या कार्यक्रमात वन विभागांसाठी शिकविलेले कुत्रे चोरट्या व्यापारातील कातडी, हाडे व इतर वन्य प्राण्यांचे अवशेष हुंगून काढतात. सापडलेल्या वस्तूला न चावता तिच्यापाशी शांत बसून राहणे, हा या कुत्र्यांचा इशारा होय.