पुलाआधीचा पूल

झुलत्या पुलांच्या मनोऱ्यांविषयी आणि त्यांच्या प्रचंड तारदोरांविषयी विपुल लिहिले गेले आहे. परंतु ते तारदोर घडवणाऱ्या कामगारांना दोन मनोऱ्यांच्या दरम्यान अधांतरी उभे राहता यावे म्हणून जो तात्पुरता पादमार्ग प्रथम टांगावा लागतो, आणि काम उरकताच जो उतरवला जातो, त्याच्या वाट्याला चार ओळीही क्वचितच येतात. वस्तुतः वाऱ्याशी पहिली झुंज त्यालाच द्यावी लागते.

पक्क्या पुलाला त्याच्या वजनाचा मोठा आधार असतो. पादमार्गाचा संसार मात्र मोजकाच: काही पोलादी दोर, त्यांवर अंथरलेली जाळी आणि दोन्ही अंगांना हातदोर. आडवा वारा सुटला म्हणजे तो दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखा एका बाजूस फेकला जातो, एवढेच नव्हे तर पिळवटतो; आणि एकदा तिरपा झाला की त्याचा तळ वाऱ्याच्या अधिक तावडीत सापडून तिरपेपणा आणखी वाढतो. सावरणारे बळ काय ते अल्प वजनाचे व दोरांच्या ताणाचे. वाऱ्याच्या एका विशिष्ट वेगापुढे ते अपुरे पडले, की पादमार्ग उलटण्याचा धोका. जाळीची भोके म्हणजे काटकसर नव्हे, वाऱ्याला दिलेली वाट आहे. हिवाळ्यात बर्फाने ती बुजली, तर सारा हिशेबच बदलतो.

न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीवर ब्रुकलिन पूल उभा राहत असताना, २५ ऑगस्ट १८७६ रोजी, कामावरचे मुख्य यंत्रकारागीर ई. एफ. फॅरिंग्टन दोराला टांगलेल्या फळीवर बसून नदीपार गेले. त्यानंतर सुमारे चार फूट रुंदीचा, फटी राखून लाकडी पट्ट्या ठोकलेला पादमार्ग तयार झाला, आणि वाऱ्याने तो उचलला जाऊ नये म्हणून खालून वादळदोरांचा बंदोबस्त करण्यात आला. प्रवेशापाशी मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांच्या सहीची ताकीद झळकत होती: एका वेळी पंचवीसच माणसे, एकमेकांना खेटून चालू नये, धावू वा उड्या मारू नयेत, पावले एकाच तालात टाकू नयेत. वाऱ्याला हुकूम सोडता येत नाही, माणसांना येतो! इतके असूनही काही काळ हौशी नागरिकांना तेथे जाऊ दिले जाई, ही उदारता मला तरी अनाकलनीय वाटते.

जपानच्या आकाशी सामुद्रधुनीवरील, १९९१ मीटर मध्यगाळ्याच्या, १९९८ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या पुलाच्या वेळी पहिला दोर हेलिकॉप्टरने ओढून नेण्यात आला, आणि वादळदोरांची तजवीज चक्क वगळण्यात आली. गजबजलेल्या जलमार्गावर दोरांचे जाळे पसरणे अडचणीचेच होते. वादळदोर नसले, तरी दोन समांतर पादमार्ग मधून मधून आडव्या वाटांनी जोडले, की एकट्याचा पिळवटण्याचा स्वभाव बराच आटोक्यात येतो. या स्थैर्याची पारख वायुबोगद्यात प्रतिकृतींवर करता येते, जी सोय रोबलिंगांना नव्हती. माझ्या मते या क्षेत्रातील खरी प्रगती दोर वाढवण्यात नसून ते कमी करण्याचे धैर्य येण्यात आहे.

मुख्य तारदोर आवळून गोलाकार झाला, की पादमार्ग त्यालाच टांगता येतो. मग वाऱ्याची चिंता पुष्कळशी हलकी होते, आणि पुलाच्या रस्त्याचे भाग चढत जाऊन तारदोर जसा खाली येतो तसा पादमार्गही त्याच्याबरोबर उतरतो. त्यानंतर तेथे तार गुंडाळणाऱ्यांचे आणि रंगाऱ्यांचे राज्य.