जुन्या चाचण्या, नवं जेयूनिट
जावा प्रोग्रामचे छोटे छोटे भाग तपासणाऱ्या ‘जेयूनिट’ची पाचवी आवृत्ती २०१७ साली आली. चौथीसाठी लिहिलेल्या हजारो चाचण्या एका रात्रीत कोण बदलणार? म्हणून सोबत ‘व्हिंटेज’ इंजिन दिलं. जुन्या चाचण्या ते चालवतं, नव्या ‘ज्युपिटर’. मग सवडीने एकेक फाइल बदलायची. बरेच बदल नुसते नावांचे. ‘बिफोर’चं ‘बिफोरईच’ होतं. खरी मेख दोन मूल्यं वेगळी आहेत ना हे पाहणाऱ्या ‘असर्टनॉटइक्वल्स’सारख्या तपासणीत. चाचणी फसल्यास दाखवायचा संदेश पूर्वी सुरुवातीला लिहीत, आता शेवटी. तुलना मजकुराचीच असेल आणि क्रम बदलायचा राहिला, तर कंपायलर हूं की चूं करत नाही. संदेश नको असलेल्या उत्तराशी ताडला जातो, दोन्ही अर्थातच वेगळे निघतात, आणि काहीही न तपासता चाचणी पास!