लांब पल्ल्याचा टॉर्च आणि रात्रीचं रान

रात्री प्राणी पाहण्यासाठी टॉर्च घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पल्ला किती? खोक्यावर त्याचं उत्तर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, कधी 500 मीटर, कधी एक किलोमीटर, आणि शेजारी लाखभर लुमेनचा दावा. जितका झोत लांब आणि प्रखर तितके प्राणी जास्त दिसणार, असा हिशेब मनात पक्का होतो आणि पैसे मोजले जातात. हा हिशेब जवळजवळ प्रत्येक पायरीवर चुकतो. निरीक्षणासाठी टॉर्च निवडताना पाहायला हवं ते उजेड किती कमी करता येतो आणि हवा तिथेच कसा ठेवता येतो, हे. असं का, ते समजायला खोक्यावरच्या आकड्यांपासूनच सुरुवात करावी लागेल.

लुमेन म्हणजे टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. झोत किती लांब जाईल हे त्यावरून कळत नाही. ते कळतं कँडेलावरून, म्हणजे एका दिशेला उजेड किती एकवटलाय त्यावरून. हजार लुमेनचा एक टॉर्च अंगणभर उजेड पसरेल आणि सव्वाशे मीटरवर थकेल, तर तेवढ्याच लुमेनचा, पण छोटा एलईडी आणि रुंद खोलगट आरसा असलेला दुसरा टॉर्च सहाशे मीटरपर्यंत पोचेल. लाख लुमेनचा दावा तर साध्या गुणाकारानेच फोल ठरतो. 18650 आकाराच्या चांगल्या सेलमध्ये सुमारे 12 वॉट-तास ऊर्जा मावते. पांढरा एलईडी एका वॉटमागे ढोबळमानाने 150 लुमेन देतो असं धरलं, तर अख्खा सेल 1,800 लुमेन तासभर पुरवेल. लाख लुमेन हवे असतील तर तो मिनिटभरात रिकामा होईल, आणि त्या मिनिटात त्याने साडेसहाशेहून अधिक वॉट द्यायला हवेत, जे त्या आकाराच्या सेलला शक्यच नाही. या सेलची खरी क्षमता 3,500 मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. त्यावर 9,900 छापलं असेल तर सेलही खोटा आणि टॉर्चच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नये.

आता खरा, प्रामाणिकपणे मोजलेला पल्ला घेऊ. बहुतेक नावाजलेल्या कंपन्या ज्या एफएल-1 या मानकाप्रमाणे पल्ला मोजतात, त्यात पल्ल्याचं टोक म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर येतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या रात्री उघड्या माळावर पडणारं चांदणं, असं ते मानकच मानतं. म्हणजे खोक्यावर 400 मीटर लिहिलंय याचा अर्थ 400 मीटरवरचा प्राणी ओळखता येईल असा होत नाही. तिथे चांदण्याइतका उजेड पडेल, एवढाच होतो. शिवाय हे मोजमाप टॉर्च सुरू केल्यावर पहिल्या दोन मिनिटांच्या आत होतं. जोरदार टॉर्च काही मिनिटांत तापतात आणि आपोआप मंद होतात, तेव्हा तो पल्लाही आखडतो. आणखी एक गणित लक्षात ठेवण्याजोगं आहे: अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. 200 मीटरच्या पल्ल्याला 10,000 कँडेला पुरतात, 400 ला 40,000 लागतात, आणि किलोमीटरसाठी अडीच लाख. एवढं करून 300 मीटरवरचा बिबट्या डोळ्याला पूर्ण चंद्राच्या जेमतेम निम्म्या रुंदीएवढा दिसतो. मंद उजेडात आपल्या डोळ्याला बारकावे टिपता येत नाहीत, त्यामुळे तो बिबट्या की तरस हे टॉर्च चौपट जोरदार करूनही कळेलच असं नाही. तिथे दुर्बीण लागते. 7×50 ची दुर्बीण सुमारे सात मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात सोडते, म्हणजे तरुण माणसाची बाहुली अंधारात जेवढी मोठी होते जवळपास तेवढा. मध्यम टॉर्च आणि अशी दुर्बीण ही जोडी महागड्या किलोमीटरवाल्या टॉर्चपेक्षा बहुतेक वेळा जास्त दाखवते.

प्राणी शोधायला तर याहून कमी उजेड पुरतो, कारण शोधताना आपण अंग पाहत नसतो, डोळे पाहत असतो. चितळ, सांबर, गवा, बिबट्या, उदमांजर या सगळ्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे एक परावर्तक थर असतो. तो आलेला उजेड आल्या वाटेनेच मागे धाडतो. त्यामुळे टॉर्च आपल्या डोळ्याजवळ, कानशिलाला टेकवून धरला तर मंद झोतातही शे-दीडशे मीटरवरचे डोळे लखकन चमकतात. तोच टॉर्च कमरेजवळ धरला तर चमक आपल्या डोळ्यांपर्यंत फारशी पोचत नाही. चमकेच्या रंगावरून प्राणी ओळखता येतो हा समज मात्र सोडून द्यावा. कोन, अंतर आणि प्राण्याचं वय बदललं की रंगही बदलतो. उंची, दोन डोळ्यांमधलं अंतर आणि हालचाल यांवर भरवसा ठेवलेला बरा. आणि डोळे चमकले नाहीत म्हणजे तिथे कुणी नाही, असंही समजू नये. रानडुकराच्या डोळ्यांत हा थर नसतो. अंधारात रानडुकराच्या वाटेवर चालणाऱ्याने हे विसरणं धोक्याचं आहे.

लाल उजेड प्राण्यांना दिसत नाही, हा सर्वांत पसरलेला समज. त्यात अर्धं सत्य आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांना माणसासारखा लाल रंग वेगळा ओळखता येत नाही आणि अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी लाल टोकाच्या उजेडाला फारसा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून मंद लाल झोत त्यांना कमी टोचतो. लोरिससारख्या निशाचरांचे अभ्यासक लाल उजेड वापरतात तो याच कारणाने. पण कमी दिसणं म्हणजे न दिसणं नव्हे. झगझगीत लाल झोत प्राण्याला उजेड म्हणूनच जाणवतो आणि पक्ष्यांना तर लाल रंग उत्तम दिसतो, तेव्हा घरट्यातल्या घुबडाच्या पिल्लांवर तो रोखण्याला कोणतीही सबब नाही. खरेदीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट: पांढऱ्या एलईडीत लाल भाग थोडाच असतो. त्यावर लाल काच चढवली की बहुतांश उजेड काचेतच अडतो आणि पल्ला कोसळतो. लाल झोत हवा असेल तर मुळातच लाल एलईडी असलेला टॉर्च घ्यावा. धुक्यासाठी पिवळा उजेड हाही असाच ऐकीव सल्ला आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात की ते सगळे रंग सारखेच विखुरतात. आंबोलीच्या पावसाळी धुक्यात जोरदार झोत टाकला की समोर पांढरी भिंत उभी राहते, मग झोत कोणत्याही रंगाचा असो. तिथे टॉर्च डोळ्यांपासून दूर, खाली धरणं हाच उपाय. त्यात डोळ्यांची चमक हुकते, पण आंबोलीत पाहायचे असतात ते बेडूक आणि चापडा साप, आणि ते हाताच्या अंतरावर असतात. त्यांचे खरे रंग दिसायला पल्ला उपयोगाचा नाही. रंग नीट दाखवणारा, सीआरआय 90 च्या पुढचा उबदार उजेड हवा.

यावर एक रास्त आक्षेप येतो: साप आणि बिबट्याच्या मुलखात उजेड कमी ठेवायचा म्हणजे जिवाशी खेळ नाही का? उत्तर असं की लांब पल्ल्याचा अरुंद झोत सुरक्षिततेसाठीच सर्वांत निकामी. तो दूरच्या टेकडीवर एक वर्तुळ उजळतो आणि पायाजवळचा घोणस अंधारात ठेवतो. शिवाय त्या प्रखर वर्तुळाकडे पाहून आपल्या डोळ्यांची अंधाराची सवय मोडते, आणि ती पुन्हा पुरती यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. चालण्यासाठी पसरट, मध्यम उजेडाचा हेडलॅम्प वेगळा ठेवावा.

दुसरा आक्षेप असा की क्षणभर झोत टाकल्याने प्राण्याचं काय बिघडतं? एकाच माणसाच्या दोन सेकंदांनी फारसं नाही. पण गटात दहा टॉर्च असतात आणि प्रत्येकाला फोटो हवा असतो. ज्या दंडपेशींवर निशाचर प्राण्याची नजर अवलंबून असते, त्या झगझगीत उजेडाने काही काळ निकामी होतात. फांदीवरच्या लोरिसला पुढची फांदी दिसत नाही, हरणाला मागचा शिकारी दिसत नाही. काही ठिकाणी तर दोन सेकंदही नकोत. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीला पावसाच्या तोंडावर काजवे लुकलुकतात ती नर-मादीची भाषा असते आणि टॉर्चच्या उजेडात ती बुजून जाते. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं उजळ क्षितिजाच्या रोखाने समुद्र शोधतात. मागून टॉर्च दाखवला की ती उलटी फिरतात. आणि अभयारण्यात हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न उरत नाही, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 27 व्या कलमाने तिथल्या वन्यप्राण्याला छळणं निषिद्ध ठरवलं आहे.

तेव्हा दुकानात जाल तर एवढं पाहा. नन्नजसारख्या उघड्या माळरानावर खोकड, लांडगा पाहायचे असतील तर 300 ते 400 मीटरचा पल्ला भरपूर झाला. सह्याद्रीच्या दाट झाडीत नजरच पन्नास मीटरपुढे जात नाही, तिथे 150 पुरे. सर्वांत मंद पायरी दोन-चार लुमेनपर्यंत उतरते का, आणि टॉर्च त्याच पायरीवर सुरू करता येतो का, हे चालवून बघा. थेट प्रखर पेटणारा टॉर्च परत करा. पावसात वापरायचा तर आयपीएक्स-7 मागा. झोत प्राण्याच्या बाजूला टाका आणि कडेच्या उजेडात तो पाहा. आणि वनविभागाच्या परवानगीने बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसायला मिळालं, तर टॉर्च पिशवीतच ठेवा. त्याच्या पल्ल्याच्या टोकाला जेवढा उजेड पडतो, जवळपास तेवढा त्या रात्री पाणवठ्यावर आधीच पडलेला असतो.