बोलण्याला सोबत

मुलांनो, वर्गात सर्वजण मिळून कविता म्हणतात, तेव्हा तुम्ही कधी नीट लक्ष दिले आहे का? एकट्याने वाचताना जो मुलगा पहिल्याच अक्षरावर अडखळतो, तोच सर्वांबरोबर बहुधा न अडखळता कविता म्हणतो.

अशा अडखळण्याला मराठीत तोतरेपणा म्हणतात. उर्दूत आपण त्याला 'हकलाना' म्हणतो. मोठ्या माणसांमध्ये १०० पैकी सुमारे एकाला हा त्रास असतो. हा बुद्धीचा दोष नव्हे. काय बोलायचे, हे त्या माणसाला पक्के ठाऊक असते. शब्द मात्र तोंडातून लवकर बाहेर पडत नाही.

दुसऱ्याच्या आवाजाची सोबत मिळाली, की बोलणे सोपे होते. मग ही सोबत एखाद्या यंत्राने देता येईल का? अमेरिकेतील ईस्ट कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर काम केले. त्यांनी तयार केलेले 'स्पीचईझी' नावाचे यंत्र २००१ साली लोकांसमोर आले. ते श्रवणयंत्रासारखे कानात बसवतात. त्यातील छोटा मायक्रोफोन बोलणाऱ्याचा आवाज टिपतो. तोच आवाज यंत्र किंचित उशिरा आणि थोडा जाड किंवा बारीक करून त्याच्या कानात ऐकवते. त्यामुळे आपल्याबरोबर आणखी कोणीतरी बोलत आहे, असे त्याला वाटते.

या यंत्राने तोतरेपणा कायमचा बरा होतो का? नाही. काहींचे अडखळणे बरेच कमी होते. मोठ्याने वाचताना हा फायदा अधिक दिसतो. गप्पा मारताना तो बहुधा कमी असतो. काहींना सुरुवातीला गुण येतो, पण पुढे तो ओसरतो. काहींना तर मुळीच उपयोग होत नाही. गर्दीच्या ठिकाणी इतरांचे आवाजही कानात घुमतात. शिवाय यंत्राची किंमत हजारो डॉलर आहे. म्हणून आधी वाचा-उपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा आणि यंत्र वापरून पाहिल्यावरच ते विकत घ्यावे.

मुलांनो, एक मदत मात्र तुम्हीही करू शकता आणि तिला पैसाही लागत नाही. तुमचा सोबती बोलताना अडखळला, तर हसू नका. त्याचे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. 'नीट बोल', 'लवकर बोल' असेही म्हणू नका. त्याच्याकडे पाहून त्याचे म्हणणे शेवटपर्यंत शांतपणे ऐका. यंत्र असो वा नसो, ही सोबत त्याला रोज हवी असते.